अग्निवीर परत आल्यावर काय, तेवढं संसदेत विचारा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सोमवारी 29 जुलै 2024 ला लोकसभेत राहुल गांधींचं बजेटवरचं भाषण झालं ते मी पूर्ण ऐकलं. पावसानं शेतातली कामं अडलेली त्यामुळे आमचे मिस्टर पण घरीच होते, दोघांनी मोबाईल समोर ठेवून ऐकलं. त्यांनी चक्रव्यूहाची गोष्ट सांगितली, अभिमन्यूला सहा जणांनी घेरून मारलं तसंच आज तरुण पोरांना, शेतकऱ्यांना, छोट्या धंदेवाल्यांना घेरलंय असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर चर्चा कशाची, तर ते सहा जण कोण, नावं कुणाची घेतली, अध्यक्षांनी कुठं थांबवलं, बजेटच्या आधी हलवा वाटतात तो फोटो का दाखवला. पण त्याच भाषणात ते म्हणाले की बजेटमध्ये अग्निवीरांच्या, म्हणजे चार वर्षांसाठी फौजेत घेतलेल्या पोरांच्या, पेन्शनसाठी एक रुपया ठेवलेला नाही. आमचं घर त्या एका वाक्यात अडकलंय साहेब, म्हणून हे पत्र. मी कुठल्या पक्षाची नाही, आणि आमच्या घरात तीन माणसं तीन पक्षांना मतं देतात.

मी खटाव तालुक्यातली. आमच्याकडे जमीन आहे पण जिरायती, यंदाचा उन्हाळा पण टँकरवर काढलाय. सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी गाव सगळ्यांना माहीत आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली 46 माणसं गेली, पण तसं बघितलं तर आमच्याकडच्या बऱ्याच गावांत एक घर सोडून दुसऱ्या घरात तरी फौजी सापडतोच. माझे सासरे मराठा लाइट इन्फंट्रीत होते, 71 च्या लढाईच्या वेळी नोकरीत होते. मिस्टर 1994 ला भरती झाले, 24 वर्षं करून 2018 ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले. आणि पोरगा 2023 च्या जानेवारीत भरती झाला, अग्निवीर म्हणून, अगदी पहिल्या तुकडीत. म्हणजे एकाच घरात जुनी पद्धत पण आहे आणि नवी पण आहे. टीव्हीवर जे भांडतात त्यांच्यातल्या किती जणांच्या घरात अशी दोन्ही आहेत मला माहीत नाही, म्हणून जे आम्ही रोज बघतोय ते सांगते.

पेन्शन म्हणजे काय ते मी सासूबाईंच्या अंगठ्यावरून शिकले. सासरे गेले त्यानंतर सासूबाईंना फॅमिली पेन्शन सुरू झाली. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला मी त्यांना घेऊन तालुक्याला जाते. आयुष्यभर भांगलण, खुरपणी, शेणकूट करून त्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्यात, मशीनवर अंगठा उमटतच नाही. एकदा पुसून, एकदा थोडं तेल लावून, मग दुसरं बोट, मग तिसरं, असं अर्धा अर्धा तास चालतं. मागच्या वर्षी पाचव्या वेळी हिरवी लाइट लागली तेव्हा त्या बाकावरच बसल्या आणि म्हणाल्या, चला, यांनी अजून एक वर्ष सांभाळलं मला. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली तरी महिन्याच्या शेवटी खात्यात पैसे येतात ते त्यांना नवऱ्यानंच पाठवल्यासारखे वाटतात. त्यांची औषधं त्यातून येतात, नातवंडांच्या हातावर यात्रेला शंभराची नोट ठेवतात ती पण त्यातनंच. सुनेकडं कधी हात पसरला नाही त्यांनी, आणि त्यामुळे त्या घरात ताठ मानेनं बोलतात.

आता पोराचं बघा. पहिल्या वर्षी पगार 30 हजार, त्यातले 30 टक्के सेवानिधीला कापून हातात 21 हजार. यंदा दुसरं वर्ष, 33 हजाराचे हातात 23 हजार 100 येतात, त्यातले 15 हजार तो घरी पाठवतो. चार वर्षांनी कापलेले पैसे, त्यात सरकारनं घातलेले तेवढेच, आणि व्याज असं सगळं मिळून 11 लाख 71 हजाराच्या आसपास मिळणार, त्यावर टॅक्स नाही. शंभरातले जास्तीत जास्त 25 जण पुढं कायम होणार, बाकीचे 75 घरी. ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही, माजी सैनिक म्हणून दर्जा नाही, माजी सैनिकांच्या मोफत उपचाराचं ईसीएचएसचं कार्ड नाही, कँटीनचं कार्ड नाही. 11 लाख म्हणजे लहान रक्कम आहे असं मी म्हणणार नाही, आमच्या गावात 23 वर्षांच्या पोराच्या हातात एकदम एवढे पैसे कधी आलेले मी बघितले नाहीत. पण एका रात्री मिस्टरांनी वहीत हिशेब मांडला. सगळेच्या सगळे बँकेत ठेवले, एक रुपयाला हात लावला नाही आणि 7 टक्के व्याज धरलं तर महिन्याला साडेसहा-सात हजार रुपये होतात. सासूबाईंची विधवा पेन्शन त्याच्या दुपटीच्या आसपास आहे. त्यांनी वही मिटली आणि उठून बाहेर गेले, मला काही बोलले नाहीत.

यात्रेला 12 दिवस सुट्टी घेऊन आला होता पोरगा. वर्षाला 30 दिवसच सुट्टी आहे त्यामुळे मोजून मापून यावं लागतं. रात्री गच्चीवर गादी टाकली होती, मला म्हणाला आई दीड वर्ष व्हायला आलं, अडीच राहिलं. त्याचे वडील पण सुट्टीवर आले की वर्षं मोजायचे, पण ते मोजायचे पेन्शनला किती राहिली म्हणून. पोरगं मोजतंय नोकरी संपायला किती राहिली. एवढं हौसेनं गेलेलं पोरगं, पहाटे साडेचारला उठून सोळाशे मीटर मारायचा, पावसाळ्यात पण खाडा नाही, साडेपाच मिनिटाच्या आत बसला की उड्या मारत घरी यायचा. आजही युनिटबद्दल एक शब्द वाकडा बोलत नाही, उलट सांगतो की आई साहेब लोकं चांगली आहेत, आम्हाला वेगळं समजत नाहीत, बर्फात सगळे सारखेच असतात. मग म्हणतो कायम होणाऱ्या 25 मध्ये मी असेन की नाही ते मात्र मला झोपेत पण आठवतं.

आमच्या वाड्याच्या मागं राहणारा एक पोरगा त्याच्यासोबतच भरती झाला. कोरोनात दोन वर्षं भरती बंद होती त्यात त्याचं वय निघून गेलं होतं, 2022 ला तेवढ्यापुरती 23 पर्यंत वयाची सवलत दिली म्हणून बसला. आता त्याच्या घरचे मुली बघतायत. मे महिन्यात एक स्थळ आलं, माणसं चांगली होती, पोहे-चहा झाला, मुलीच्या मामांनी फोटो बघून विचारलं, फौजेत आहे म्हणालात ते कायम का अग्निवीर? अग्निवीर म्हटल्यावर मामा म्हणाले बरं बरं, कळवतो. अजून कळवलं नाही. त्या पोराची आई मला म्हणाली, ताई, बॉर्डरवर उभा राहायला माझा पोरगा पक्का आहे आणि लग्नाला कच्चा आहे होय? मला काय उत्तर द्यावं कळलं नाही. पूर्वी फौजी म्हटलं की स्थळं चालून यायची, माझं स्वतःचं लग्न तसंच झालेलं.

आता राहुल गांधींबद्दल. विरोधी पक्षनेता झाल्यावर 1 जुलैला त्यांनी लोकसभेत पहिलं मोठं भाषण केलं त्यात अग्निवीराचा विषय काढला याबद्दल मी त्यांची आभारी आहे. आमचा विषय एवढ्या मोठ्यानं संसदेत त्या दिवशीच ऐकला. पण त्यांनी दोन चुका केल्या आणि त्या मी सांगणार, कारण त्या चुकांमुळे आमचाच विषय बाजूला पडला. पंजाबातल्या, ड्यूटीवर जीव गेलेल्या एका अग्निवीराच्या घरी ते गेले होते, त्याच्या घरच्यांना नुकसान भरपाई मिळणार नाही असं ते बोलून गेले. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह लगेच उठले आणि म्हणाले की 1 कोटी देतात. दोन दिवसांनी लष्करानं पण सांगितलं की त्या कुटुंबाला 98 लाख 39 हजार दिलेत आणि बाकीचे धरून 1 कोटी 65 लाखाच्या आसपास होतील. झालं, त्यानंतर आठवडाभर सगळा देश पैसे मिळाले की नाही यावरच भांडत बसला. राहुल गांधींनी नंतर सांगितलं की विम्याचे पैसे वेगळे आणि सरकारची भरपाई वेगळी, ते खरंच आहे, पण ते आधीच नीट तयारी करून बोलायला पाहिजे होतं. 48 लाखाचा विमा आहे, ड्यूटीवर जीव गेला तर 44 लाख आहेत, राहिलेल्या मुदतीचा पगार मिळतो, हे सगळं सरकारच्या कागदावर होतंच, आमच्या मिस्टरांना सुद्धा पाठ आहे.

दुसरी चूक म्हणजे अग्निवीर म्हणजे वापरा आणि फेकून द्या असा मजूर, हे त्यांचं बोलणं. त्यांना योजनेला बोलायचं होतं हे मला समजतं. पण ज्या आईचा पोरगा वर्दी घालून उभा आहे तिनं टीव्हीवर ते ऐकलं की काळजात चर्र होतं हो. माझा पोरगा मजूर नाही, तो सैनिक आहे, आणि मजुराला पण फेकून द्यायचं नसतं. बोलताना एवढं भान ठेवा, पुढच्या वेळी आमच्यासाठी बोलाल तेव्हा.

शहीद शब्दावर पण खूप वाद झाला. फौजेतला कुणालाही विचारा, सरकारी कागदावर शहीद असा शब्द कुणालाच लावत नाहीत, जुन्या पद्धतीच्या जवानाला पण नाही. तिरंगा सगळ्यांच्याच अंगावर घालतात, सलामी सगळ्यांनाच देतात. आमच्या महाराष्ट्रातलाच, बुलढाणा जिल्ह्यातला अग्निवीर 2023 च्या ऑक्टोबरमध्ये सियाचीनला ड्यूटीवर असताना वारला, तसा देशातला पहिला अग्निवीर, त्याला पण मानानंच निरोप दिला. फरक तिथं नाही. फरक पुढं आहे. दोन जवान एकाच चौकीवर एकाच स्फोटात गेले, त्यातला एक जुन्या भरतीचा असेल तर त्याच्या बायकोला जन्मभर पेन्शन, शेवटच्या पगाराएवढी. दुसरा अग्निवीर असेल तर एकरकमी पैसे आणि मग काही नाही. गावाकडं एकरकमी पैशाचं काय होतं ते सांगू का, कर्ज फिटतं, घर बांधून होतं, नणंदेचं लग्न होतं, दीर म्हणतो ट्रॅक्टर घेऊ, आणि चार-पाच वर्षांनी ती बाई कुणाच्या तरी दारात उभी असते. महिन्याचे पैसे तिच्या नावावर येत राहिले तर तिला कुणी घरातून हाकलू शकत नाही. आमच्या गावच्या दोन वीरपत्नींकडं बघून हे लिहितेय.

आणि हे मागायला योजना बंद करायची पण गरज नाही! संसदेच्या संरक्षण समितीनं याच वर्षी फेब्रुवारीत सांगितलंय की ड्यूटीवर जीव गेलेल्या अग्निवीराच्या घरच्यांना कायम जवानाच्या घरच्यांसारखेच लाभ द्या. त्या समितीचे अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते. मग राहुल गांधींनी रोज उठून तेवढंच विचारलं पाहिजे, त्या शिफारशीचं काय केलं? आधी योजना बंद करा म्हटलं की सरकार म्हणतं फौज तरुण करायचीय, सरासरी वय 32 वरून 26 वर आणायचंय, आणि भांडण तिथंच संपतं. फौज तरुण पाहिजे हे मिस्टर पण मान्य करतात, ते स्वतः म्हणतात की चाळिशीनंतर उंचावर गुडघे बोलायला लागतात. पण तरुण फौज आणि गेलेल्या पोराच्या बायकोची पेन्शन यांचा एकमेकांशी काय संबंध?

पंतप्रधान 26 जुलैला द्रासला गेले होते, कारगिलला 25 वर्षं झाली म्हणून. तिथं ते म्हणाले की पेन्शनचे पैसे वाचवायला ही योजना आणली असं म्हणणं चुकीचं आहे, आज भरती झालेल्याच्या पेन्शनचा प्रश्न 30 वर्षांनी येतो. आमच्या घरी ते ऐकलं तेव्हा मिस्टर एवढंच बोलले की शिपाई तर 17 वर्षांत पेन्शनवर येतो. बरं, पैसे वाचवायचे नाहीत हे पंतप्रधानांनी स्वतः सांगितलंय ना, मग आमची मागणी उलट सोपीच झाली. राहुल गांधींनी हे वाक्य हातात धरून विचारावं की मग द्या. ते 29 तारखेच्या भाषणात हे बोलतील असं वाटलं होतं पण नाही बोलले.

एक गोष्ट खरी आहे ती पण लिहिते म्हणजे कुणाला वाटायला नको की मी एकाच बाजूनं बोलतेय. वन रँक वन पेन्शनसाठी, म्हणजे सारख्या पदाला सारखीच पेन्शन मिळावी म्हणून, माझ्या सासऱ्यांच्या वयाची माणसं कितीतरी वर्षं भांडली, त्यात काँग्रेसची पण सरकारं येऊन गेली. शेवटी आदेश निघाला 7 नोव्हेंबर 2015 ला, मोदी सरकारच्या काळात, आणि फरकाचे पैसे आमच्या घरी आले तेव्हा सासऱ्यांनी पेढे वाटले होते. ते आम्ही विसरलेलो नाही. म्हणूनच याच सरकारनं अग्निवीराला असं का केलं हे जास्त लागतं.

तरुणांच्या बाकीच्या नोकऱ्यांबद्दल पण राहुल गांधी बोलत असतात. मार्चमध्ये राजस्थानातल्या बांसवाड्याला त्यांनी जाहीर केलं होतं, केंद्रात 30 लाख जागा रिकाम्या आहेत त्या भरू, आणि 25 वर्षांच्या आतल्या पदवी-डिप्लोमावाल्याला एक वर्ष शिकाऊ नोकरीचा हक्क देऊ, वर्षाला 1 लाख. आता बजेटमध्ये सरकारनं 500 मोठ्या कंपन्यांत इंटर्नशिप काढली, पाच वर्षांत 1 कोटी पोरं, महिन्याला 5 हजार. काँग्रेसवाले म्हणतात आमच्या जाहीरनाम्यातून उचललं. उचललं असेल, पण मला वेगळंच दिसतंय. काँग्रेसची एक वर्षाची, केंद्र सरकारची पण एक वर्षाची. आपल्या राज्य सरकारनं याच जुलैत काढली ती सहा महिन्यांची, बारावीला 6 हजार, पदवीला 10 हजार. फौजेतली चार वर्षांची. सगळ्यांच्या डोक्यात पोरांना थोडे दिवस कुठंतरी बसवायचं एवढंच आहे का? त्यानंतर काय याचं उत्तर विरोधी पक्षाकडून पण आलं पाहिजे, नुसतं आमची योजना चोरली म्हणून नाही. 30 लाख जागा भरू म्हणालात ना, मग कुठल्या खात्यात किती, कुठल्या वर्षी किती, हे लोकसभेत रोज विचारत बसा, तुम्ही आता विरोधी पक्षनेते आहात, तुमचा शब्द टाळता येत नाही कुणाला.

पोरांना कायमचं काय पाहिजे ते बघायचं असेल तर यंदाची पोलीस भरती बघा. 17,471 जागा आणि अर्ज 17 लाखाच्या वर. जूनमध्ये ऐन पावसात ग्राउंड घेतलं. माझा भाचा रात्रभर पुलाखाली झोपून सकाळी धावायला गेला, ट्रॅकवर चिखल, गोळाफेकीला हात घसरला, 2 मार्कांनी राहिला. रात्री घरी आला तर बुटात अर्धा किलो माती. त्याची बहीण 5 मे ला नीटला बसली होती, पेपरफुटीचं ऐकल्यापासून तिचा अभ्यासावरचा विश्वासच उडालाय, तिची काय समजूत घालायची. राहुल गांधींनी नीटचा विषय लावून धरला ते चांगलं केलं, एवढंच म्हणते.

29 तारखेला राहुल गांधींच्या भाषणानंतर राजनाथ सिंह परत उठले आणि म्हणाले की अग्निवीरांबद्दल गैरसमज पसरवतायत, अध्यक्ष म्हणतील तेव्हा मी निवेदन करायला तयार आहे. साहेब, माझी दोघांनाही हात जोडून विनंती आहे. राजनाथ सिंहांनी ते निवेदन लवकर करावं, आणि त्यात नुसते आकडे नकोत, ड्यूटीवर जीव गेलेल्या अग्निवीराच्या बायकोला, आईला महिन्याची पेन्शन द्यायची की नाही ते हो किंवा नाही मध्ये सांगावं. आणि 75 जण परत येतील त्यांच्यासाठी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत 10 टक्के जागा ठेवू असं 2022 ला सांगितलं होतं, त्यातल्या महाराष्ट्राच्या पोरांना किती येणार, वयाची सवलत किती, आणि आपल्या पोलीस भरतीत त्यांना काय, हे राज्य सरकारनं पण आत्ताच लिहून द्यावं, पहिली तुकडी दारात येऊन उभी राहायची वाट बघू नये. ती 2026 च्या शेवटी आणि 2027 च्या सुरुवातीला येणार आहे, लांब नाही.

राहुल गांधींना एवढंच सांगणं आहे की तुम्ही अभिमन्यूची गोष्ट सांगितलीत, आमच्या सासूबाईंना ती लहानपणापासून पाठ आहे, हरिपाठानंतर त्या नातवंडांना सांगायच्या. त्या म्हणाल्या, अगं त्याला आत शिरायचं माहीत होतं, बाहेर यायचं ऐकायच्या आधी सुभद्रेला झोप लागली. तुम्ही सहा जणांची नावं घेत बसलात. आमची पोरं आत शिरलीत, आपणहून, छाती काढून. त्यांना बाहेर यायची वाट कोण सांगणार ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.

पोराचा रविवारी फोन येतो. या रविवारी त्याला हे पत्र वाचून दाखवणार आहे, छापून आलं तर कात्रण सासूबाईंच्या पेन्शनच्या पासबुकात ठेवीन.

आपली विश्वासू,
एका माजी हवालदाराची पत्नी आणि अग्निवीराची आई
खटाव तालुका, जि. सातारा